परदेशातील वास्तव्याचा परवाना आणि गावचे दप्तर

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या तालुक्यांत आणि रायगडच्या किनारपट्टीत अशी अनेक गावे आहेत, की जेथील घरांचे कर्ते पुरुष सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन किंवा संयुक्त अरब अमिराती या देशांत नोकरीस आहेत. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती वाढल्यानंतर या देशांत बांधकामाची मोठी लाट आली आणि गवंडी, सुतार, वायरमन, वाहनचालक, आचारी, परिचारिका अशा नाना व्यवसायांतील माणसांना तिकडे मागणी आली. त्या कमाईतून गावात पक्की घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुलांची शिक्षणे झाली.

या माणसांच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु त्यांच्या जीवनाचा एक भाग गावाच्या नजरेस क्वचितच येतो. परक्या देशात कायदेशीरपणे राहता यावे म्हणून त्यांना जी कागदपत्रे अखंड सांभाळावी लागतात, तो हा भाग होय. कामात कसूर न करणारा माणूसही एका उलटून गेलेल्या तारखेमुळे किंवा नावातील एका चुकीच्या अक्षरामुळे अटकेच्या दारापर्यंत जाऊन पोचतो. कागदांची ही साखळी तुटते परदेशात. पण तिची पहिली कडी बहुधा गावच्याच दप्तरात असते. म्हणूनच ग्रामपंचायत, शाळा आणि तहसील कार्यालय यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

व्हिसा आणि वास्तव्याचा परवाना

‘व्हिसा मिळाला, आता काळजी मिटली’ असे उद्गार निरोपाच्या वेळी हमखास ऐकू येतात. वस्तुतः व्हिसा म्हणजे केवळ देशात प्रवेश करण्याची अनुमती होय. तेथे राहण्याची व काम करण्याची अनुमती ही निराळी बाब आहे.

समजा, खेड तालुक्यातील एक वायरमन सौदी अरेबियातील दम्माम येथे नोकरीस निघाला. नोकरीच्या व्हिसावर तो त्या देशात उतरतो. त्यानंतर साधारणतः ९० दिवसांच्या आत त्याच्या नावाचा वास्तव्याचा परवाना निघावा लागतो. या परवान्यास तेथे ‘इकामा’ म्हणतात. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, आरोग्य विमा आणि कामाचा परवाना या पायऱ्या पार पडाव्या लागतात. इकामा झाल्यावरच बँकेत खाते उघडते, भ्रमणध्वनीची जोडणी मिळते आणि गावी पैसे धाडता येतात. रस्त्यात पोलिसांनी हटकले तर प्रथम मागणी होते ती इकाम्याचीच.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हा परवाना वायरमन स्वतः काढू शकत नाही. तो काढतो त्याचा मालक. शुल्क भरणे, नूतनीकरण करणे, व्यवसायाची नोंद बदलणे ही सारी कामे मालकाच्या हाती असतात. परिणाम मात्र भोगावा लागतो कामगाराला. आखातातील वास्तव्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विषमतेत आहे.

कफील आणि कामगार

या पद्धतीस ‘कफाला’ म्हणतात आणि ज्याच्या जबाबदारीवर परदेशी माणसास देशात ठेवण्यात येते त्या मालकास ‘कफील’. पूर्वी कफीलाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे व अनेक ठिकाणी देशाबाहेरही जाता येत नसे. अलीकडे या नियमांत बदल झाले आहेत. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी आणि २०२० साली घरकामगारांसाठीही निर्गमनाच्या परवानगीची अट काढली. त्याच वर्षी नोकरी बदलताना मालकाचे ना-हरकत पत्र घेण्याची अटही तेथे रद्द झाली. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातील कामगारांना विहित अटी पाळून नोकरी बदलण्याची व शासनाच्या संगणकप्रणालीवरून निर्गमनाचा अर्ज स्वतः करण्याची मुभा मिळाली. घरकामगार व खासगी वाहनचालक मात्र या सवलतीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

यावरून एक बोध घ्यावयाचा तो असा, की व्हिसावर कोणता व्यवसाय लिहिला आहे याला फार महत्त्व आहे. वायरमन म्हणून घेतलेल्या माणसाच्या व्हिसावर ‘घरगुती वाहनचालक’ अशी नोंद असली, तर त्याला कारखान्याच्या कामगाराचे संरक्षण मिळत नाही. कुवेतमध्ये हा भेद कलमांच्या आकड्यांनीच ओळखला जात आला आहे. कलम १८ चा परवाना खासगी क्षेत्रातील कामगाराचा, तर कलम २० चा घरकामगाराचा. कागद हाती आला, की त्यावरील व्यवसाय वाचून घेणे हे पहिले काम होय.

‘आझाद व्हिसा’ या नावाने गावोगावी विकला जाणारा प्रकार तर निखालस फसवणुकीचा आहे. असा कोणताही व्हिसा कायद्यात नाही. एखादा कफील पैसे घेऊन नावापुरता परवाना काढून देतो आणि माणूस दुसरीकडेच मोलमजुरी करतो. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याखेरीज अन्यत्र काम करणे हा तेथे गुन्हा आहे. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो कफील पुन्हा पैसे मागतो आणि दिले नाहीत तर परवाना तसाच संपू देतो.

खर्चाच्या बाबतीत कायदा कामगाराच्या बाजूचा आहे, हेही त्यास ठाऊक असावे. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार इकामा व कामाचा परवाना यांचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च आणि विलंब झाल्यास होणारा दंड मालकाने सोसावयाचा असतो. पारपत्र मालकाने स्वतःजवळ ठेवून घेणे हेही सौदी अरेबिया, कतार, अमिराती येथे कायद्याविरुद्ध आहे. तरीही ‘सांभाळण्यासाठी’ म्हणून पारपत्र मागून घेतले जाते आणि नवखा माणूस ते निमूटपणे देऊन टाकतो. निदान पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या प्रती घरी ठेवल्या असतील, तर पुढील बराच त्रास वाचतो.

तारखांचा हिशेब

शेतकरी जसा नक्षत्रे ध्यानात ठेवतो, तशा परदेशी राहणाऱ्या माणसास काही तारखा ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली तारीख वास्तव्याच्या परवान्याची. सौदी अरेबियात २०१५ पासून पाच वर्षे चालणारे ओळखपत्र देण्यात येऊ लागले. परवान्याचे नूतनीकरण मात्र संगणकावर स्वतंत्रपणे करावे लागते. २०२१ च्या अखेरीस तर ते तीन-तीन महिन्यांच्या मुदतीनेही करण्याची सोय मालकांना मिळाली. याचा अर्थ असा, की खिशातील ओळखपत्र नवेकोरे असूनही परवाना मात्र केव्हाच संपलेला असू शकतो. अमिरातीतही २०२२ पासून पारपत्रावर वास्तव्याचा शिक्का चिकटविणे बंद झाले व ओळखपत्र हाच पुरावा ठरला. म्हणून ‘कार्ड आहे ना’ एवढ्यावर विसंबून न राहता शासकीय प्रणालीवर आपली नोंद दरमहा स्वतः पाहण्याची सवय लावून घेणे इष्ट होय. सौदी अरेबियात या प्रणालीचे नाव ‘अबशर’ असे आहे. तिचा परवलीचा शब्द मुकादमाच्या स्वाधीन करणे म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देण्यासारखे आहे.

दुसरी तारीख पारपत्राची. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी अशी अपेक्षा बहुतेक देश ठेवतात. मुदत संपत आली तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत नवे पारपत्र मिळते. पण काम तेथे संपत नाही. नव्या पारपत्राचा क्रमांक वास्तव्याच्या नोंदीत चढवून घ्यावा लागतो. सौदी अरेबियात या क्रियेस ‘नक्ल मालूमात’, म्हणजे माहितीचे स्थलांतर, असे म्हणतात. ती राहून गेली तर ऐन सुटीवर निघताना विमानतळावर दोन क्रमांक जुळत नाहीत.

तिसरी तारीख सुटीची. गावी आलेला माणूस आईचे आजारपण, घराचे बांधकाम, भावकीचा वाद यांत गुंतून पडतो. अमिरातीचा सामान्य वास्तव्य परवाना असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्याचा परवाना रद्द होण्यास पात्र ठरतो. सौदी अरेबियात जाऊन परत येण्याचा व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो. त्या मुदतीत परतणे शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीच मालकास कळवून ती वाढवून घ्यावी लागते.

नावाचा प्रवास

परदेशी कचेरीत सर्वांत अधिक खोळंबा होतो तो नावामुळे. कोकणातील माणसाचे नाव प्रथम देवनागरीत लिहिले जाते, पारपत्रासाठी रोमन लिपीत जाते आणि आखातात पोचल्यावर अरबीत उतरते. प्रत्येक वळणावर ते थोडे बदलते. ‘व’ साठी कोणी ‘व्ही’ घालतो, कोणी ‘डब्ल्यू’. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’ असते, जन्मनोंदीत ‘महंमद’ आणि आधारपत्रावर तिसरेच काही. प्रमाण अरबी लिपीत ‘प’ हे अक्षर नाही, म्हणून पवारांचा ‘बवार’ होतो आणि पाटलांचा ‘बातील’. अरबी नोंद बदलली तरी रोमन अक्षरे सर्व कागदांवर एकसारखी असतील तर निभावून जाते. तीच जुळत नसतील तर माणूस एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, जाहिराती व साक्षांकने यांचे चक्र सुरू होते.

नाव अपुरे असल्यानेही अडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने असा नियम केला, की पारपत्रावर केवळ एकच शब्द नाव म्हणून असेल, आडनाव नसेल, तर पर्यटन अथवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. ज्यांच्या जन्मनोंदीत पूर्वी केवळ पाळण्यातले नाव लिहिले गेले होते, अशांना हा नियम जाचक ठरला.

प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचेही असेच आहे. परदेशी कागदपत्रांच्या साक्षांकनाचे ओझे हलके करणारा एक आंतरराष्ट्रीय करार १९६१ साली हेग येथे झाला. भारत त्यात २००५ साली सहभागी झाला आणि ओमान २०१२ साली. सौदी अरेबियात तो ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ प्रमाणन पुरेसे होते. जे देश या करारात सहभागी नाहीत, त्यांच्यासाठी त्या त्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो. एकच पदवी, पण वाटा दोन. कोणत्या देशास कोणती वाट लागू आहे हे निघण्यापूर्वीच विचारून घेतले पाहिजे.

साखळी तुटल्यावर

आपल्या उदाहरणातील वायरमनकडे पुन्हा वळू. समजा, त्याच्या मालकाचा व्यवसाय बुडाला. चार महिने वेतन नाही आणि नूतनीकरणही नाही. वायरमनने पोटासाठी दुसरीकडे काम धरले. मालकाने ‘कामगार पळून गेला’ अशी नोंद केली. या नोंदीस सौदी अरेबियात ‘हुरूब’ म्हणतात. आता त्याचा परवाना नाही, बँकेचे खाते गोठलेले, दवाखान्यात जाण्याची चोरी. आईच्या अंत्यविधीसही तो येऊ शकत नाही, कारण निर्गमनाचा शिक्का मिळण्यासाठी ज्या कचेरीत जावयाचे तेथेच अटकेची भीती असते.

अशा वेळी लपून राहणे हा मार्ग नव्हे. दंड व धोका दोन्ही दिवसागणिक वाढतात. भारतीय वकिलातीत कामगारविषयक तक्रारींसाठी अधिकारी असतात. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीतील भारतीयांना निवारा, कायदेविषयक साहाय्य व परतीचे तिकीट देता येते. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ नावाची तक्रार नोंदणीची प्रणाली सुरू केली. तीवर गावी असलेले नातलगही तक्रार नोंदवू शकतात. तिकडचा माणूस बोलू शकत नसेल तेव्हा ही सोय मोलाची ठरते. थकलेल्या वेतनाचा दावा करावयाचा असल्यास तो कायमचे निघून येण्यापूर्वीच दाखल करणे हिताचे असते. देश सोडल्यावर तो चालविणे अतिशय अवघड होते.

आखातातील शासने वेळोवेळी माफीची मुदतही जाहीर करतात. सौदी अरेबियाने २०१३ व २०१७ साली, कुवेतने २०१८ व २०२४ साली, तर अमिरातीने २०१८ साली आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशी संधी दिली. या मुदतीत दंड न भरता मायदेशी परतता येते किंवा काही वेळा कागद नियमित करून घेता येतात. ही बातमी ज्यास हवी तो माणूस वर्तमानपत्र वाचण्याच्या स्थितीत नसतो. ती त्याच्या घरच्यांनी कळवावी आणि घरच्यांना गावाने.

पारपत्र हरवलेल्या माणसास वकिलात एका प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. त्यापूर्वी तो भारतीय नागरिक असल्याची खातरजमा केली जाते आणि त्यासाठीची विचारणा त्याच्या जिल्ह्यातील पोलिसांमार्फत गावापर्यंत येऊ शकते. येथे साखळीची शेवटची कडी पुन्हा पहिल्या कडीस येऊन मिळते. गावाकडून उत्तर जाण्यास जितके दिवस लागतील, तितके दिवस एक माणूस परक्या देशातील आश्रयस्थानात किंवा बंदिवासात वाट पाहत बसलेला असतो. टेबलावर पडून राहिलेल्या एका साध्या पत्राची ही किंमत आहे.

जन्म आणि मृत्यू

परदेशात मूल जन्मले, तर रुग्णालयाचा दाखला, तेथील जन्मप्रमाणपत्र, भारतीय वकिलातीतील नोंदणी, बाळाचे पारपत्र आणि शेवटी त्याचा वास्तव्य परवाना असा क्रम लागतो. यांतील वकिलातीतील नोंदणी अत्यंत महत्त्वाची आहे. ३ डिसेंबर २००४ रोजी वा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या भारतीयांच्या अपत्याची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत वकिलातीत व्हावी, अशी नागरिकत्व कायद्यात तरतूद आहे. वर्ष उलटल्यास केंद्र शासनाची अनुमती घ्यावी लागते. या नोंदणीसाठी आईवडिलांचे विवाह प्रमाणपत्र लागते. गावी विवाह थाटात झाला, पण त्याची नोंदणी झाली नाही, अशी कुटुंबे येथे अडून बसतात.

मृत्यूच्या प्रसंगी तर कागदांचा विलंब असह्य होतो. पार्थिव मायदेशी आणावयाचे किंवा तेथेच दफन करावयाचे, दोन्ही बाबतींत कुटुंबाचे संमतिपत्र लागते. वैद्यकीय व पोलिसांचे अहवाल, वकिलातीचे ना-हरकत पत्र, पारपत्र रद्द झाल्याची नोंद हे सारे जुळल्यावरच विमान कंपनी पार्थिव स्वीकारते. थकलेले वेतन व भरपाई वारसांस मिळण्यासाठी वारसाचा दाखला व अधिकारपत्र गावाहून जावे लागते. त्यात पत्नीचे माहेरचे नाव व सासरचे नाव यांचा घोळ असला, तर तिच्या हक्काचे पैसे महिनोन्महिने अडकून पडतात.

निघण्यापूर्वी

१९२२ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने १९८३ साली उत्प्रवासन कायदा केला. त्यानुसार इयत्ता दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः ‘उत्प्रवासन अनुमती आवश्यक’ अशी नोंद होते आणि ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी तिला उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती घ्यावी लागते. असे १८ देश ठरविण्यात आले असून आखातातील सहाही देश त्यांत आहेत. पुष्कळांना ही अनुमती म्हणजे अडथळा वाटतो. प्रत्यक्षात ती ढाल आहे. तिच्यामुळे मालकाचे नाव, वेतन व करार यांची नोंद भारतात राहते आणि ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’खाली अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. भेटीच्या व्हिसावर पाठवून ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगणारा दलाल हीच ढाल काढून घेत असतो. नोंदणीकृत भरती अभिकर्त्यास ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, ही मर्यादाही सर्वांना ठाऊक असावी.

गावाचे काम

या सर्व विवेचनातून गावपातळीवरील कर्तव्ये सहज स्पष्ट होतात. जन्म व मृत्यू नोंदणीच्या कायद्यातील दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. तेव्हा नोंदवहीत नावाचा रकाना रिकामा राहणार नाही, नाव, वडिलांचे नाव व आडनाव पूर्ण लिहिले जाईल, याची दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावी. शिक्षकांनी शाळेत नाव दाखल करताना जन्मप्रमाणपत्रावरील अक्षरे जशीच्या तशी उतरावीत. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना रोमन लिपीतील नाव पालकांना वाचून दाखवावे आणि मुलगा दहावीपूर्वी शाळा सोडत असेल तर त्याच्या पारपत्रावर कोणती नोंद येणार आहे हेही समजावून सांगावे. विवाहाची नोंदणी लग्नाच्याच महिन्यात करून घेण्याचा आग्रह सरपंचांनी धरावा.

ज्या गावातून माणसे परदेशी जातात, तेथील ग्रामपंचायतीने घरच्यांच्या संमतीने एक साधी वही ठेवण्यास हरकत नाही. तीत माणसाचे नाव, देश, मालक, पारपत्राचा क्रमांक व परवाना संपण्याची तारीख एवढेच असावे आणि ती कुलूपबंद राहावी. संकटाच्या वेळी घरच्या बाईला ट्रंका उचकटत बसावे लागणार नाही.

परदेशी कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती स्वतःचे असे फार थोडे असते. मालक परका, भाषा परकी, कायदा परका. त्याच्या हातातील कागद तेवढा त्याच्या गावाने लिहून दिलेला असतो. तो बिनचूक असेल, एवढे तरी गावाला निश्चित करता येण्यासारखे आहे.